सिंक, सिंक, सिंक

भाऊबीजेच्या संध्याकाळी मामांना तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. नोंद सेव्ह होत नाही, पावती निघत नाही आणि उद्या सकाळी दहाला ठेवीदार दारात उभे राहणार. मामा एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण आसपासच्या अशा पाच संस्थांचे सर्व्हर अजून त्यांच्याच भरवशावर चालतात. मी पुण्यात हेच काम करते. माझ्याकडं चाळीस सर्व्हर आहेत आणि त्यांतला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मामांना मात्र त्यांचे पाचही कुठल्या टेबलाखाली आहेत आणि कुणाचा पंखा घरघरतो हे पाठ आहे.

मामांनी चकलीचे हात धुतले, मी लॅपटॉप उघडला आणि एसएसएचनं आम्ही दुरूनच संस्थेच्या सर्व्हरमध्ये शिरलो. पुढचं बोलणं रात्री साडेअकरापर्यंत चाललं. आठवेल तसं लिहिते आहे. माझी बाजू जरा जास्त नीट मांडली गेली असेल, तर तो लिहिणाऱ्याचा फायदा समजावा.

मामा : आधी डीएफ -एच मार.

मी : मामा, या मशीनवर मॉनिटरिंग काहीच नाही?

मामा : आहे की. मी आहे. मार तू.

डिस्क ५० जीबीची, वापर १०० टक्के. इथवर काही नवल नव्हतं. मग जागा कुणी खाल्ली ते बघायला मुळापासून डीयू -एसएच चालवलं, तर सगळ्या फायलींची बेरीज आली १९ जीबी. पन्नास भरलेले आणि हिशेब लागतो एकोणिसाचा. मी पुन्हा चालवलं. पुन्हा एकोणीस.

मामा : (खूश होऊन) बघ. तिजोरी आणि खतावणी जुळेना. बँकेत असं झालं की आमचे साहेब जेवायला सोडायचे नाहीत.

मी : डीएफ फाइल सिस्टिमलाच विचारतं, किती ब्लॉक वापरात आहेत. डीयू एकेका फोल्डरात जाऊन नाव असलेल्या फायली मोजतं. म्हणजे ३१ जीबी अशी आहे, जिला नाव नाही.

मामा : नाव नाही, पण घरात राहते. व्यवस्थापकांना फोन लाव आणि विचार, काल कुणी काही डिलीट केलं का?

केलं होतं. तिथल्या मुलानं काल ‘खूप मोठी दिसली’ म्हणून लॉगची फाइल आरएम मारून उडवली होती. जागा सुटली नाही म्हणून तो गप्प बसला होता. युनिक्सच्या घराण्यात आरएम फाइल मारत नाही, फोल्डरातलं तिचं नाव खोडतं. एखाद्या चालू प्रोग्रॅमनं ती फाइल उघडून धरली असेल, तर तो सोडेपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच राहतो. मतदारयादीतून नाव कापलं म्हणून माणूस काही घर रिकामं करत नाही. उघड्या फायलींची यादी देणारं एलएसओएफ हे साधन आहे. त्याला ‘अधिक एल एक’ जोडलं की नाव गेलेल्या पण अजून धरलेल्या फायलीच तेवढ्या दिसतात. एकच ओळ आली. संस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम, ३१ जीबी, शेवटी कंसात ‘डिलीटेड’.

मी : किल करू?

मामा : नऊ नंबरनं नको. त्याला आवरायला वेळ दे.

किल या शब्दानं बाहेरची माणसं दचकतात. प्रत्यक्षात ही आज्ञा चालू प्रोग्रॅमला एक निरोप पोचवते. साधा निरोप पंधरा नंबरचा : हातातलं आवर आणि नीघ. नऊ नंबरचा निरोप त्या बिचाऱ्यापर्यंत पोचतच नाही. कर्नल त्याला जागच्या जागी संपवतो, अर्धी लिहिलेली नोंद अर्धीच राहते. पतसंस्थेच्या मशीनवर हा फरक म्हणजे कुणाच्या तरी ठेवीचा फरक. आम्ही सिस्टिमसीटीएलनं सेवा रीतसर थांबवून सुरू केली. पुन्हा डीएफ : ३८ टक्के. पलीकडं पावती निघाली. एवढ्याला अकरा मिनिटं लागली, आणि खरा वाद इथून सुरू झाला.

मी : मामा, तुम्ही चांगलं सोडवलंत. पण तुम्हाला फोन लागला नसता तर? डिस्क ८० टक्के झाली तेव्हाच एक एसएमएस गेला असता, तर आज भाऊबीज नीट झाली असती.

मामा : एसएमएस? बरं. लॉग एवढा का फुगला ते बघू आधी. टेल -एफ लाव.

टेल -एफ फाइलीचं शेपूट धरून बसतं आणि नवी ओळ आली की दाखवतं. ओळी धो धो येत होत्या, सगळ्या एकच : एसएमएस पाठवणाऱ्या सर्व्हरशी संपर्क होत नाही. कंपनीनं पत्ता बदलला होता, इथं जुनाच होता. प्रोग्रॅम सेकंदाला चाळीस वेळा तेच रडगाणं लिहीत होता. मी ओळीची लांबी धरून गुणाकार केला. ३१ जीबी व्हायला साधारण साठ दिवस. म्हणजे गणपतीपासून.

मामा काही बोलले नाहीत, चकली मोडली फक्त. माझ्या ८० टक्क्यांचा एसएमएस गेला असता तो याच दारातून.

मी : ठीक आहे, ईमेल.

मामा : तुमच्याकडं ती अ‍ॅमेझॉनची गोष्ट झाली होती ना? त्यांच्याच फलकावर सगळं हिरवं दिसत होतं.

२८ फेब्रुवारी २०१७. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेतला एक माणूस बिलिंगच्या यंत्रणेतला संथपणा शोधत होता. थोडे सर्व्हर काढायचे होते, आज्ञेतली एक नोंद चुकली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या त्या केंद्रावर विसंबलेल्या असंख्य वेबसाइट काही तास आडव्या झाल्या. आणि सेवा चालू आहे की बंद हे सांगणारा फलक स्वतः एस-थ्रीवरच टेकलेला असल्यामुळं सुरुवातीला बदलताच आला नाही.

मी : पण ते उदाहरण माझ्या बाजूचं आहे! माणसानं हातानं आज्ञा टाइप केली, बोट चुकलं.

मामा : अगं, ठरलेल्या प्लेबुकप्रमाणंच, म्हणजे लिहून ठेवलेल्या पायऱ्यांप्रमाणंच केलं होतं त्यानं. त्यांच्याच निवेदनात आहे. तुमचं ते प्लेबुक.

मी : आणि त्याच निवेदनात पुढं आहे की त्यांनी ते साधन बदललं. आता सर्व्हर हळूहळू निघतात आणि किमान पातळीच्या खाली गेलेच, तर साधनच अडवतं. माणसाला ‘जपून टाइप कर’ म्हणून सोडलं नाही. हाच माझा मुद्दा. चुकणारा हात सुधारत नाही, साधन सुधारता येतं.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, आणि मामींनीही.

मामा : अठ्ठ्याण्णव साल. स्को युनिक्स, एक सर्व्हर, त्याला वायरीनं जोडलेले बारा डंब टर्मिनल. रात्री दिवसअखेर झाली. तात्पुरत्या फायली काढायच्या होत्या. आरएम, तारा, डॉट टीएमपी. रोजचंच काम. त्या दिवशी ताऱ्यानंतर अंगठा स्पेसबारला लागला.

मी : देवा.

मामा : ताऱ्याचा अर्थ सगळं. त्यानं सगळं काढलं. आणि मग माझ्याकडं तक्रार काय केली माहितेय? ‘डॉट टीएमपी नावाची फाइल सापडत नाही.’ तेवढीच एक ओळ. बाकी शांत.

आदल्या रात्रीची टेप होती, आणि त्या दिवसाची व्हाउचरं कागदावर होती. चार कारकुनांनी पहाटेपर्यंत ती पुन्हा चढवली. सकाळी शाखा वेळेवर उघडली. वरिष्ठांना टेपड्राइव्हचा दोष सांगितला गेला. मामांनी हे सांगताना मामींकडं पाहिलं नाही.

मामा : तेव्हापासून जो नमुना आरएमला देणार तो आधी एलएसला देतो. यादी वाचतो. मगच.

मी : म्हणजे तुम्ही स्वतःसाठी एक नियम केलात. तो तुमच्या डोक्यात आहे. काल लॉग उडवणाऱ्या मुलाच्या डोक्यात नव्हता. मी तो नियम फाइलीत लिहिते, दुसरी कुणीतरी तो वाचून मंजूर करते आणि मग तो चाळीसही मशीनवर सारखा लागतो. हे काम करणाऱ्या अ‍ॅन्सिबलला मी सांगते, ‘लॉग रोज फिरवला गेला पाहिजे, सात दिवसांचाच ठेवायचा.’ एकदा चालवा की दहादा, परिणाम तोच. आधीच तसं असेल तर ते हातही लावत नाही. तुम्ही पाच मशीनवर हातानं काम करता म्हणून तुमच्या पाच मशीन पाच तऱ्हेच्या आहेत.

मामा : पाच माणसंही पाच तऱ्हेची असतात. आणि तुझं अ‍ॅन्सिबल त्या मशीनपर्यंत जातं कशावरून?

मी : एसएसएचवरून.

मामा : हां.

हा ‘हां’ मला अजून टोचतो आहे. कारण तो बरोबर आहे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ साली कुणीतरी नेटवर्कवर बसून लोकांचे पासवर्ड चोरले. तोवर टेलनेट ते उघडेच पाठवत असे. तातू युलोनेन या तिथल्या संशोधकानं त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. त्यानं मागून घेतलेला पोर्ट होता २२, एफटीपीच्या २१ आणि टेलनेटच्या २३ च्या मधला मोकळा. माझं सगळं आधुनिक वैभव त्या एका दारातून आत-बाहेर करतं.

मग मी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं प्रकरण काढलं. मला वाटलं, यानं वाद मिटेल.

मी : ३१ जानेवारी २०१७. इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत काम करून थकलेला. दोन डेटाबेस सर्व्हर, एक मुख्य, एक त्याची प्रत. प्रतीवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं, आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्हीत तशीच अक्षरं. ग्राफिकमध्ये निदान लाल पाटी लावता आली असती.

मामा : बॅकअप?

मी : (जरा हळू) होते. म्हणजे, लावलेले होते. आपोआप होणारा रोजचा बॅकअप आवृत्त्या न जुळल्यामुळं होतच नव्हता. तो फसल्याची ईमेल जात होती, पण ती समोरून नाकारली जात होती.

मामा : म्हणजे यंत्र रोज फसत होतं, रोज कळवत होतं, आणि कुणीच बघत नव्हतं. एकदा जरी कुणी आत जाऊन एलएस -एल मारलं असतं, तर फोल्डर रिकामं दिसलं असतं. मग वाचले कसे?

मी : सहा तास आधी त्याच माणसानं दुसऱ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट घेतला होता.

मामा : आपोआप?

मी : हातानं.

मामींनी या क्षणी चहा आणला हे बरं झालं.

गिटलॅबनं नंतर सगळं उघड लिहिलं. डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. मामांना ही गोष्ट फार आवडली. टेपड्राइव्हवर ढकललेला दोष त्यांना आठवला असावा, पण ते मी विचारलं नाही.

चहानंतर त्यांनी मला संस्थेच्या सर्व्हरवर बाहेरून कोण दार ठोठावतंय ते बघायला लावलं. यात मला काही सिद्ध करायचं नव्हतं आणि त्यांनाही नसावं. एकेका आज्ञेला पाइपचा उभा दांडा जोडत गेलो, म्हणजे एकीचं उत्तर पुढचीच्या हाती. ग्रेपनं लॉगातून ‘पासवर्ड चुकला’ एवढ्याच ओळी वेचल्या. ऑकनं प्रत्येक ओळीतला फक्त पत्ता काढला. सॉर्टनं सारखे पत्ते शेजारी आणले. युनिक -सीनं मोजले. पुन्हा सॉर्ट, या वेळी आकड्यानं आणि उतरत्या क्रमानं. हेडनं वरचे दहा. मधला सॉर्ट नवखे विसरतात. युनिक फक्त लगतच्या ओळी ताडून बघतं, लांबच्या जुळ्यांची त्याला खबर नसते.

मामा : पाच साधनं. प्रत्येकाला एकच काम येतं. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

हे जोडण्याचं डोकं डग मॅकिलरॉय यांचं. बेल लॅब्जमध्ये त्यांनी १९६४ मध्येच टिपण लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या पाण्याच्या नळीसारखे एकाला एक जोडता आले पाहिजेत. केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये ते आणलं. ग्रेप त्याच सुमाराचं आणि त्यांचंच. त्याचं नाव एका जुन्या एडिटरमधल्या आज्ञेची अक्षरं जोडून झालेलं आहे. आणि नावं इतकी तोकडी का, तर तेव्हा पडदा नव्हता. टेलिटाइप होता, कागदावर सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापणारा, आणि बटणं दाबायला जड. कॉपीचं सीपी, मूव्हचं एमव्ही. याच थॉम्पसन यांना नंतर विचारलं गेलं की युनिक्स पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल. त्यांनी ‘क्रिएट’ या सिस्टिम कॉलच्या स्पेलिंगमधला गाळलेला ई परत लावीन, असं उत्तर दिलं. ते काटकसरीचं खोडकर उत्तर ऐकून मामा दर वेळी हसतात. अन् दर वेळी ते स्वतःच सांगतात.

मी : मला हे आवडत नाही असं नाही, मामा. पण ही पाच साधनांची साखळी तुम्ही आज रचलीत, वाचलीत आणि लॅपटॉप बंद केला की ती गेली. माझा डॅशबोर्ड हेच चोवीस तास करतो.

मामा : तुझा डॅशबोर्ड तू आधी ज्याची भीती धरलीस तेच दाखवतो. आज नाव नसलेली फाइल होती. डॅशबोर्डवर तिच्यासाठी चौकट होती का?

मी : डिस्कची चौकट होती. शंभर टक्के दाखवलं असतं.

मामा : आणि मग?

मी : मग मी एसएसएच केलं असतं. पण माझ्या ऑफिसात, मामा, कुणी हातानं सर्व्हरवर शिरलं की दुसऱ्या दिवशी बैठकीत विचारतात, का जावं लागलं. जावं लागणं म्हणजे आधी कुठंतरी कमी पडलो. त्या मशीनला नाव नसतं, नंबर असतो. बिघडली तर दुरुस्त करत नाही, काढून टाकतो, नवी आणतो. पोल्ट्रीत कोंबडीला डॉक्टर बोलावत नाहीत.

मामा : आणि पतसंस्थेची ही एकच गाय. हिला काढून नवी आणू?

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण ते उत्तर संगणकाचं नाही, पैशाचं आहे. चाळीस मशीन असलेल्याला शहाणपण परवडतं. एका टेबलाखालच्या मशीनवर गावाच्या ठेवी असतात, तिथं मामांसारखा माणूस लागतो, आणि तो माणूस निवृत्त होऊन चार वर्षं झालेली असतात. मी हे बोलले नाही. बोलायला हवं होतं बहुतेक, कारण थोड्या वेळानं मामाच उठले आणि कपाटातून एक वही घेऊन आले.

लांबट, बँकेच्या छपाईची, कडा तेलकट. पहिलं पान २००१ चं. प्रत्येक संस्थेला दोन-दोन पानं. डिस्कचं काय, क्रॉनमध्ये काय किती वाजता चालतं, आरसिंक करताना पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ कुठं द्यायची आणि कुठं मुळीच नाही. ‘फ्री’ या आज्ञेत पहिला मोकळ्या मेमरीचा आकडा बघून घाबरू नये, ‘अव्हेलेबल’ बघावा. कारण लिनक्स रिकामी मेमरी फायली धरून ठेवायला वापरतो आणि लागली की सोडतो. हे लाल शाईनं, दोनदा अधोरेखित.

मी : मामा, हे प्लेबुकच आहे.

मामा : आहेच की. लाइट गेली तरी वाचता येतं.

मी : पण चालवता येत नाही. मी टाइप करून घेऊ? पाचही संस्थांचं?

त्यांनी वही पुढं सरकवली. मी पुण्याला जाईपर्यंत टाइप करत बसले. एका पानावर होतं : मशीन बंद करण्याआधी सिंक, सिंक, सिंक. तीन वेळा, तीन वेगळ्या ओळींवर. मी विचारलं, तीनदा का? मामा म्हणाले, जुन्या युनिक्सवर सिंक म्हटलं की तो ‘लिहितो’ म्हणून लगेच परत यायचा, पण डिस्कवरचं लिहिणं मागून चालू असायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी टाइप करण्यात जो वेळ जायचा, तेवढ्यात डिस्क आपलं काम उरकायची. आता लिनक्सचा सिंक लिहून झाल्याशिवाय परत येत नाही, एकदा पुरे. तरी ते तीनदाच मारतात. मी एकदाच टाइप केलं.

त्याच्या खालीच एक ओळ होती : ‘मोठं काम मंगळवारी काढू नये.’

मी : हे काय? देवाचं काही?

मामा : (चष्मा वर करून बराच वेळ बघत) नाही आठवत. पण काढू नये.

मी : कारण माहीत नसेल तर मी ते गाळते.

आतून मामी म्हणाल्या, ‘अहो, मंगळवारी दिवसभर लाइट नसायची आपल्याकडं तेव्हा.’

लोडशेडिंग जाऊनही इतकी वर्षं झाली. मी ती ओळ गाळली नाही. सुरुवातीला हॅश दिला, म्हणजे मशीन ती वाचणार नाही, आणि पुढं मामींनी सांगितलं ते लिहिलं.